उद्भवाच्या यादीत नसलेलं पाणी

महाराष्ट्रातल्या कोणत्याही मोठ्या शहराचा पाणीपुरवठा आराखडा उघडला, की सुरुवातीलाच 'उद्भव' नावाचं प्रकरण लागतं. धरणाचं नाव, मंजूर आरक्षण, पुढच्या तीस वर्षांची अंदाजित लोकसंख्या, दरडोई दररोज 135 लिटरच्या हिशेबाने लागणारं पाणी आणि तळाशी तूट, अशी त्याची मांडणी असते. ती तूट भरून काढायला आणखी लांबचं एखादं धरण सुचवलेलं असतं. त्याच शहराचा मलनिःसारण आराखडा महापालिकेच्या दुसऱ्या विभागात, दुसऱ्या सल्लागाराकडून तयार होतो. पुरवलेल्या पाण्यापैकी 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडेल, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. म्हणजे दहा लाख वस्तीच्या शहरातून रोज सुमारे 10 कोटी 80 लाख लिटर. पाणी एकच, पण पहिल्या आराखड्यातल्या उद्भवांच्या यादीत दुसऱ्या आराखड्यातलं पाणी सहसा नसतं. यादीत नाही म्हणजे वापरात नाही, असा आपला सोयीचा समज आहे. प्रत्यक्षात ते वापरात आहे, शेतीला आहे आणि पिण्यालाही आहे. ते कबूल केलेलं नसल्यामुळे वापरणाऱ्याच्या गरजेनुसार दर्जाची कोणतीही अट त्याला लागू होत नाही. सांडपाण्याचा पुनर्वापर करावा की करू नये, हा वाद म्हणूनच निरर्थक आहे. तो मोजून, जबाबदारी ठरवून करायचा की आज चालला आहे तसा डोळे मिटून चालू द्यायचा, एवढाच निर्णय आपल्या हातात उरला आहे.

भीमेचं खोरं पाहिलं तर हे लगेच पटतं. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेत जातं, पिंपरी-चिंचवडचं पवना, मुळा आणि इंद्रायणीत. या सगळ्या नद्या भीमेला मिळतात आणि भीमा उजनीच्या जलाशयात उतरते. उजनी हा सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य आधार आहे, आणि वाटेतल्या व काठावरच्या कितीतरी गावांच्या नळयोजना याच पाण्यावर आहेत. गोदावरीच्या खोऱ्यात नाशिकचं पाणी जायकवाडीत येतं आणि तिथून छत्रपती संभाजीनगरला जातं. पंचगंगेवर कोल्हापूर वर आहे, इचलकरंजी खाली. 2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तेव्हा वरच्या गावाचं सांडपाणी आणि खालच्या गावाचं पिण्याचं पाणी यांच्यात किती थोडं अंतर आहे, हे राज्याला दिसलं. अभियांत्रिकीत याला अनियोजित पुनर्वापर म्हणतात. वरच्या शहराने सोडलेलं पाणी खालच्या शहराने उचलायचं, आणि मधल्या नदीने ते 'नैसर्गिक' केलं असं दोघांनीही मानायचं. सोलापूरच्या आराखड्यात उद्भव म्हणून उजनीचं नाव असतं. त्या उजनीत पुण्याचा वाटा किती आणि तो कोणत्या अवस्थेत आला, याचा रकाना त्यात नसतो.

देशाचे आकडेही हेच सांगतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020-21 च्या पाहणीनुसार भारताच्या शहरी भागात रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं. प्रक्रिया केंद्रांची उभारलेली क्षमता 31,841 दशलक्ष लिटर होती आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती ती 20,235 दशलक्ष लिटरवर, म्हणजे जेमतेम 28 टक्क्यांवर. महाराष्ट्रात रोजची निर्मिती 9,107 दशलक्ष लिटर आणि उभारलेली क्षमता 6,890 दशलक्ष लिटर होती. बांधकाम पाहिलं तर महाराष्ट्र इतरांच्या पुढे आहे. मात्र या आकडेवारीत एक खोच आहे. 'एमएलडी', म्हणजे दिवसाला दशलक्ष लिटर, हे परिमाण किती पाणी केंद्रातून गेलं ते सांगतं, कसं बाहेर आलं ते सांगत नाही. केंद्राचं उद्घाटन एमएलडीत होतं, निधी एमएलडीवर मिळतो, राज्याचं कौतुकही एमएलडीतच होतं. पाणी घेणाऱ्याला मात्र त्या आकड्याचा काडीचा उपयोग नसतो. त्याला हवी असते दर्जाची हमी, आणि आपल्याकडची मानकं ती हमी देण्यासाठी रचलेलीच नाहीत.

मानक कोणासाठी?

सांडपाण्याचं मानक म्हटलं की पहिला उल्लेख येतो बीओडीचा. पाण्यातला सेंद्रिय मळ कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातील, त्याचं हे माप आहे. कच्च्या मैलापाण्याचा बीओडी लिटरला साधारण 200 ते 300 मिलिग्रॅम असतो आणि प्रक्रियेनंतर तो 30, 20 किंवा 10 वर यावा, अशी अपेक्षा असते. या आकड्यांचं मूळ ब्रिटनमध्ये आहे. तिथल्या सांडपाण्याविषयीच्या शाही आयोगाने 1912 साली आठव्या अहवालात '20:30' हा दंडक दिला: बीओडी 20, तरंगते घन पदार्थ 30. त्याला एक अट जोडलेली होती. ज्या नदीत हे पाणी सोडायचं, तिच्यात किमान आठपट स्वच्छ पाणी वाहत असलं पाहिजे. बारमाही पावसाच्या देशात ती अट रास्त होती. भारताने 1973 च्या मानकात 20 आणि 30 हे आकडे घेतले. आपल्या नद्यांना मात्र आठपट पाण्याची अट पेलणारी नव्हती. दख्खनच्या नद्या पावसाळी आहेत. पाऊस सरला की वरच्या अंगाला धरणांचे दरवाजे बंद होतात आणि शहराखालच्या पात्रात जे वाहतं, त्यात शहराने सोडलेल्या पाण्याचाच भरणा अधिक असतो. उन्हाळ्यातल्या मुळा-मुठेत मिसळायला स्वच्छ पाणी आणायचं कुठून? पाणी विरळ होईल या भरवशावर बेतलेलं मानक, विरळ करणारं पाणीच नसलेल्या नदीला लावणं, ही आपल्या नियोजनातली मूळची चूक आहे.

त्या मानकाचा अलीकडचा प्रवासही बोलका आहे. 2015 साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बीओडी 10 करणारा आणि नायट्रोजनवर मर्यादा घालणारा कडक मसुदा काढला. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये अंतिम अधिसूचना आली, तेव्हा महानगरांसाठी बीओडी 20 आणि इतर शहरांसाठी 30 ठरला, मलकोलिफॉर्म जिवाणूंची मर्यादा 100 मिलिलिटरला 1,000 झाली, आणि नायट्रोजन-फॉस्फरस यादीतूनच गेले. राष्ट्रीय हरित लवादाने 30 एप्रिल 2019 च्या आदेशात पुन्हा कडक आकडे घातले: बीओडी 10, तरंगते घन पदार्थ 20, एकूण नायट्रोजन 10, फॉस्फरस 1, मलकोलिफॉर्म 230. या आकड्यांच्या ओढाताणीत उजनीचा प्रश्न ठेवून पाहावा. उजनीचं पाणी हिरवं पडतं, त्यावर शेवाळाची साय धरते, ती नायट्रोजन आणि फॉस्फरसच्या खुराकावर. म्हणजे 2017 च्या अधिसूचनेचं तंतोतंत पालन करणारं केंद्रही उजनी हिरवी करणारं पाणी सोडू शकत होतं, आणि कागदावर ते निर्दोष ठरलं असतं. खालच्या शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी, वाळूचे गाळणे आणि क्लोरीन एवढीच सामग्री असते. विरघळलेला अमोनिया, शेवाळाचा वास आणि सेंद्रिय अंश यांच्यापुढे तिचं फारसं चालत नाही. उलट सेंद्रिय अंशावर जास्त क्लोरीन मारला, की ट्रायहॅलोमिथेनसारखी नवी घातक रसायनं तयार होतात. वरच्या शहराने वाचवलेला खर्च खालच्या शहराच्या माथी येतो, आणि तिथेही तो पुरा पडत नाही.

दोष आकडा सैल की कडक एवढ्यापुरता असता, तर लवादाच्या आदेशाने तो मिटला असता. खरा दोष मानकाच्या जागेत आहे. आपलं मानक केंद्राच्या तोंडाशी उभं आहे, म्हणजे पाणी 'सोडण्याचं' मानक आहे. पुनर्वापराला लागतं ते 'घेण्याचं' मानक, आणि ते प्रत्येक वापरासाठी वेगळं असतं. वीजकेंद्राच्या शीतमनोऱ्याला पाण्यातला जिवाणू फारसा सतावत नाही. फॉस्फेट, अमोनिया आणि कठीणपणा मात्र सतावतात, कारण त्यांनी नळ्यांवर कीट चढतं आणि धातू झिजतो. शेतकऱ्याला नायट्रोजन-फॉस्फरस खत म्हणून चालतं. त्याची चिंता क्षार आणि जंतांची अंडी ही आहे, विशेषतः कच्चा खाल्ला जाणारा भाजीपाला असेल तर. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, सांगतं की 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय मुळीच सापडता कामा नये. मात्र सांडपाण्यापासून पिण्याचं पाणी करायचं असेल, तर अंतिम नमुन्यात जिवाणू सापडला नाही एवढ्यावर भागत नाही. कॅलिफोर्नियाने म्हणूनच नमुन्याबरोबर संपूर्ण प्रक्रियेवर अट घातली. पुनर्वापराचं पाणी आधी भूजलात सोडून मग प्यायचं असेल, तर विषाणूंची संख्या एक लाख कोटी पटींनी आणि जिआर्डिया-क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवींची हजार कोटी पटींनी घटली पाहिजे, आणि ती घट एकामागून एक उभ्या केलेल्या वेगवेगळ्या टप्प्यांनी सिद्ध केली पाहिजे. भूजलाचा मधला टप्पा वगळून थेट पिण्यासाठी वापरायचं असेल, तर 2023 च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालेले त्यांचे नियम याहून कितीतरी कडक आहेत. एका पाण्याला एक मानक ही कल्पनाच तिथे बाद झाली आहे.

नागपूरने दाखवलेली वाट

हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी नागपूरचं उदाहरण आहे. नागपूर शहर आणि कोराडीचं औष्णिक वीजकेंद्र, दोघांचीही मदार पेंच प्रकल्पावर होती. कोराडीत 660 मेगावॅटचे तीन नवे संच यायचे ठरले, तेव्हा त्यांना पाणी कुठून द्यायचं हा प्रश्न उभा राहिला. 2008 साली राज्याची वीजनिर्मिती कंपनी महानिर्मिती आणि नागपूर महापालिका यांच्यात करार झाला. भांडेवाडीला येणारं शहराचं सांडपाणी वीजकेंद्राने घ्यायचं, त्यावर आपल्याला हवी तशी प्रक्रिया करायची आणि महापालिकेला मोबदला द्यायचा. जेएनएनयूआरएम योजनेतून केंद्राचं साहाय्य मिळालं आणि दिवसाला 130 दशलक्ष लिटरची व्यवस्था उभी राहिली. पुढे खासगी भागीदारीतून भांडेवाडीचं महापालिकेचं केंद्रही 200 दशलक्ष लिटरपर्यंत वाढलं आणि तेही पाणी वीजनिर्मितीकडे वळलं. या व्यवहारातलं खरं नावीन्य तंत्रात नव्हतं. पाणी घेणारा आधी ठरला, त्याने आपल्याला कसं पाणी हवं ते सांगितलं, आणि त्या मागणीवरून प्रक्रिया ठरली. घेणारा पैसे मोजत असल्यामुळे दर्जा घसरला तर तक्रार करणारा, पैसे अडवणारा कुणीतरी निर्माण झाला. नदीला हे जमत नाही. नदीत सोडलेल्या पाण्याच्या दर्जाची तक्रार करायला प्रदूषण मंडळाच्या नमुन्याची वाट पाहावी लागते. केंद्र सरकारच्या 2016 च्या वीजदर धोरणाने याच धर्तीवर, मैलाशुद्धीकरण केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीजकेंद्रांना प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरणं बंधनकारक केलं. 2019 च्या जुलैमध्ये पेंचची पातळी इतकी खालावली, की नागपूरला दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. कोराडीचा भार तेव्हा पूर्वीसारखा पेंचवरच असता तर काय झालं असतं, याचा अंदाज बांधायला तज्ज्ञ लागत नाही.

सुरतेने हीच वाट उद्योगांच्या बाजूने धरली. 2014 पासून तिथली महापालिका दिवसाला 40 दशलक्ष लिटर सांडपाणी अतिसूक्ष्म गाळणी आणि रिव्हर्स ऑस्मोसिसमधून काढून पांडेसरा औद्योगिक वसाहतीतल्या गिरण्यांना विकते. कापड रंगवणाऱ्याला क्षार नको असतात, म्हणून तिथे आरओ. शीतमनोऱ्यासाठी तेवढं लागलं नसतं. मुंबईत मात्र जुनी विभागणी अजून शाबूत आहे. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप या सात ठिकाणी मिळून दिवसाला 2,464 दशलक्ष लिटरची नवी प्रक्रिया केंद्रं उभी राहत आहेत. दुसरीकडे वाड्याजवळ गारगाई नदीवर 440 दशलक्ष लिटरसाठी धरण बांधायचा प्रस्ताव आहे, आणि त्यासाठी तानसा अभयारण्याच्या परिसरातलं जंगल पाण्याखाली घालायची तयारी आहे. दोन्ही प्रकल्प एकाच महापालिकेचे आहेत. त्या सात केंद्रांच्या पाण्यापैकी पाचवा हिस्सा जरी उद्योग, रेल्वे, बांधकाम, उद्यानं आणि व्यापारी संकुलांच्या वातानुकूलनाकडे वळला, तरी गारगाईएवढं पिण्याचं पाणी मोकळं होतं. हा पर्याय जास्त महाग पडेल की कमी, हे हिशेब करूनच कळेल. पण दोन्ही आकडे एका तक्त्यात, एका ओळीत, दर लिटरच्या खर्चासह आणि दर्जासह मांडल्याशिवाय तो हिशेब होणार तरी कसा?

आक्षेप आणि त्यांची उत्तरं

पहिला आक्षेप मनाचा आहे. मैल्याचं पाणी, मग ते कितीही शुद्ध केलेलं असो, अंगाला लागणं नको, पोटात जाणं तर नकोच. या भावनेची टिंगल करणं मूर्खपणाचं आहे. ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बा गावाने 2006 च्या जुलैमध्ये ऐन दुष्काळात सार्वमत घेऊन पुनर्वापराचं पाणी पिण्याची योजना 62 टक्के मतांनी फेटाळली. त्याच दशकात सिंगापूरने ते पाणी 'न्यूवॉटर' या नावाने स्वीकारलं. 2002 च्या राष्ट्रीय दिनाला पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी हजारो लोकांसोबत ते जाहीरपणे प्यायलं. सिंगापुरातही त्या पाण्याचा मोठा भाग चिप बनवणाऱ्या कारखान्यांना आणि उद्योगांना जातो, थोडाच भाग जलाशयात मिसळतो. म्हणजे पिण्याच्या पुनर्वापरासाठी जगात सर्वांत प्रसिद्ध असलेल्या शहरानेही आधी घेणारा निवडला तो उद्योग. महाराष्ट्रातही पहिली कित्येक वर्षं मनाच्या आक्षेपाला सामोरं जायची गरज नाही, कारण शीतमनोरे, बांधकाम आणि रस्त्यांचं काम यांची तहान भागेपर्यंत पिण्याचा प्रश्नच उपस्थित होत नाही. आणि ज्याला मैल्याचं पाणी पिणं मान्य नाही, त्याने उजनीच्या आणि जायकवाडीच्या काठी आज काय प्यायलं जातं, याचा जाब आधी विचारला पाहिजे. किळस खरी असेल, तर तिचा पहिला रोख अनियोजित पुनर्वापराकडे वळायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आणि अधिक गंभीर आहे: यंत्रणा चुकते, आणि चुकली की माणसं आजारी पडतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तजवळच्या लाइडशे रेन या नव्या वसाहतीत प्रत्येक घराला दोन नळ दिले होते, एक पिण्याचा आणि एक शौचालय-बागेसाठी अर्धवट शुद्ध केलेल्या नदीच्या पाण्याचा. 2001 साली या दोन वाहिन्या चुकून जोडल्या गेल्या, लोक आजारी पडले, आणि 2003 साली तिथल्या सरकारने मोठ्या प्रमाणावरचा दुहेरी पुरवठा बंद केला. आपल्याकडे मोठ्या गृहसंकुलांना प्रक्रिया केलेलं पाणी फ्लशसाठी वापरायला सांगितलं जातं. तिथे दोन वाहिन्यांचा रंग वेगळा आहे का, कुठे जोड आहे का, हे भोगवटा प्रमाणपत्रानंतर कोण तपासतं? कोलारचा धडाही याच जातीचा आहे. बेंगळुरूचं दुय्यम स्तरावर प्रक्रिया केलेलं सांडपाणी 2018 च्या जूनपासून कोलार जिल्ह्यातल्या तळ्यांत सोडायला सुरुवात झाली. दुसऱ्याच महिन्यात लक्ष्मीसागर तळ्यावर फेस आला आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने पुरवठा थांबवला. पुढे तो पुन्हा सुरू झाला, कोरड्या तळ्यांत पाणी आलं, विहिरींची पातळी वाढली. पण ज्या भूजलावर गावं पिण्यासाठी अवलंबून आहेत, त्यात हे पाणी तिसऱ्या टप्प्याच्या प्रक्रियेशिवाय का मुरवायचं, हा तिथल्या लोकांचा सवाल रास्त आहे. कोलारमध्ये वापर बदलला, मानक मात्र सोडण्याचंच राहिलं. पुनर्वापर नको, असा निष्कर्ष या दोन्ही उदाहरणांतून निघत नाही. वापराच्या जागी मानक आणि तपासणी नसेल तर सदिच्छेने केलेला पुनर्वापरही अंगलट येतो, एवढं मात्र निश्चित निघतं.

तिसरा आक्षेप खर्चाचा. आपल्या महापालिकांना आहेत त्या केंद्रांचं वीजबिल जड होतं, मग आणखी उंच दर्जा कुठून आणणार? हा आक्षेप सगळं पाणी आरओमधून काढायचं, अशा गृहीतकावर उभा असतो. आरओला वीज लागते, आणि त्याहून अवघड म्हणजे त्यातून उरणारं तीव्र खारट पाणी टाकायला जागा लागते. सिंगापूर असो, सुरत असो की कॅलिफोर्नियातलं ऑरेंज काउंटी, जवळ समुद्र आहे. नागपूर, सोलापूर, लातूरला तो नाही. दख्खनच्या शहरांनी म्हणून नामिबियाच्या राजधानीकडे पाहिलं पाहिजे. विंडहुक हे कोरड्या पठारावरचं, समुद्रापासून दूरचं शहर 1968 पासून सांडपाण्यापासून थेट पिण्याचं पाणी करतं. 2002 साली तिथे दिवसाला 21 दशलक्ष लिटरचं नवं केंद्र उभं राहिलं. त्यात आरओ नाही. ओझोन, सक्रिय कोळशाचे थर, अतिसूक्ष्म गाळणी आणि क्लोरीन असे टप्पे आहेत. ते पाणी इतर उद्भवांच्या पाण्यात ठरावीक प्रमाणात मिसळूनच नळाला जातं. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे कारखान्यांचं सांडपाणी घरगुती सांडपाण्यात मिसळूच द्यायचं नाही, हा नियम तिथे कसोशीने पाळला जातो. गटारात धातू आणि रसायनं येऊच दिली नाहीत, तर ती काढायचा खर्चही उरत नाही. आपल्याकडे नाल्यात टँकर रिकामा करणाऱ्याला पकडणं हे पोलिसी काम समजलं जातं. वास्तविक ते पाणी शुद्धीकरणाचं सर्वांत स्वस्त पाऊल आहे.

चौथा आक्षेप खालच्या शेतकऱ्याचा आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. शहराने सोडलेलं पाणी, घाण का होईना, खालच्या तालुक्यांचं पाणी आहे. शहराने ते अडवून वीजकेंद्राला विकलं तर दौंड-इंदापूरच्या शेताला काय उरणार? या आक्षेपाला कायदेशीर आधारही आहे. कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने शहरांचा वापर मोजताना उचललेल्या पाण्याच्या 20 टक्केच 'वापरलं' असं धरलं. उरलेलं 80 टक्के खोऱ्यात परत येतं, असा तो हिशेब. भीमा कृष्णेचीच उपनदी असल्याने तो पुण्यालाही लागू होतो. शीतमनोऱ्यात वाफ होऊन गेलेलं पाणी मात्र परत येत नाही. याचा अर्थ पुनर्वापर म्हणजे हवेतून मिळणारं फुकटचं पाणी नव्हे, कुणाच्या तरी वाट्याची ती अदलाबदल असते. पुण्याने मुंढव्याला जॅकवेल बांधून नदीतलं पाणी उचललं आणि वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी कालव्याने शेतीला द्यायचं ठरलं. त्या बदल्यात खडकवासल्याचं स्वच्छ पाणी शहराला राहावं, हा त्यामागचा सौदा. कल्पना योग्य, पण या सौद्यात शेतकऱ्याच्या बाजूची अट दुबळी राहिली: किती पाणी मिळेल याचा आकडा ठरला, कोणत्या दर्जाचं याची हमी नाही. स्वच्छ पाण्याच्या बदल्यात शेतकऱ्याला क्षार, कोलिफॉर्म आणि जंतांच्या अंड्यांच्या मर्यादेसह पाणी दिलं, त्याच्या शेतापर्यंत तपासलं आणि त्याला तो अहवाल मिळाला, तर ही अदलाबदल न्याय्य म्हणता येईल. मग खालच्या तालुक्याचा आक्षेप पुनर्वापराविरुद्ध राहत नाही, तो कराराच्या अटींत बसतो.

तपासणीचा निकाल कधी कळतो?

मानक कागदावर आलं, तरी ते मोडल्याचं कधी कळतं याला तितकंच महत्त्व आहे. बीओडीची चाचणी भारतात 27 अंश तापमानाला तीन दिवस चालते. कोलिफॉर्मच्या पेरणीलाही एक-दोन दिवस लागतात. निकाल येईपर्यंत ते पाणी उजनीच्या वाटेला लागलेलं असतं. नदीत सोडण्याच्या मानकाला हा उशीर चालून जातो, पुनर्वापराला चालत नाही. म्हणून जिथे पाण्याचा पुनर्वापर गांभीर्याने होतो, तिथे गढूळपणा, विद्युतवाहकता, उर्वरित क्लोरीन, अतिनील किरणांची पाण्यातली पारगम्यता अशी मापं यंत्रावर अखंड घेतली जातात आणि एक जरी हद्दीबाहेर गेलं तरी झडप आपोआप बंद होते. पुण्यातल्या सिंहगड रस्ता परिसरात 2025 च्या जानेवारीत गीया-बारे आजाराचे रुग्ण वाढू लागले आणि आकडा दोनशेच्या घरात गेला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडले, पाण्यावर संशय आला, आणि मग विहिरी, टँकर, खासगी शुद्धीकरण केंद्रं यांची तपासणी सुरू झाली. आधी रुग्ण, मग नमुना, असा हा उलटा क्रम आहे. पुनर्वापराला विरोध करणारे याच घटनेकडे बोट दाखवू शकतात. पण तिथे पुनर्वापराची कोणतीही योजना नव्हती. होता तो अनेक उद्भवांचा, वेगवेगळ्या हातांतला, एका मानकाखाली न आलेला पुरवठा. 'ताजं' पाणी म्हणून विश्वासाने घेतलेल्या पाण्याची ही गत, मग पुनर्वापराच्या पाण्यावर दुप्पट नजर ठेवावी, हे ओघानेच येतं. ती नजर उरलेल्या उद्भवांवरही ठेवावी लागेल, हेही तितकंच खरं.

यातून शहरांच्या आराखड्यांपुढे काही ठोस कामं उभी राहतात. पाणीपुरवठा आणि मलनिःसारण यांचे आराखडे एकत्र मंजूर व्हावेत, आणि उद्भवांच्या यादीत धरणाइतक्याच ठळकपणे प्रक्रिया केलेलं सांडपाणी यावं. त्यासमोर घेणारा कोण, त्याची गरज किती, त्याला चालेल असा दर्जा कोणता आणि दर कोण देणार, हे चार रकाने भरलेले असावेत. घेणारा ठरल्याशिवाय नव्या केंद्राला निधी देऊ नये, कारण कुणालाच नको असलेल्या पाण्याचा दर्जा कुणी राखत नाही. नदीत सोडायच्या पाण्यासाठी मानक ठरवताना खालच्या शहराचं पाणी उचलण्याचं ठिकाण हे मोजमापाचं ठिकाण धरावं, आणि त्या नदीत उन्हाळ्यात प्रत्यक्ष किती पाणी वाहतं यावरून नायट्रोजन-फॉस्फरसच्या मर्यादा बांधाव्यात. अखंड मापांचे आकडे घेणाऱ्या शहराला आणि शेतकऱ्याला त्याच दिवशी मिळावेत. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण 2005 च्या कायद्याने अस्तित्वात आलं, ते ठोक पाण्याचे दर ठरवतं. वरच्या शहराने खालच्या शहराला दिलेलं पाणी हेही ठोक पाणीच आहे, आणि त्याच्या दर्जावरून दंड किंवा सवलत ठरवायला त्याहून योग्य जागा दुसरी नाही. अशी व्यवस्था झाली, तर पुण्याच्या मैलाशुद्धीकरण केंद्रात गेलेला प्रत्येक रुपया सोलापूरच्या पाणीपट्टीच्या हिशेबात दिसेल. आज तो दिसत नाही, म्हणूनच तो खर्च होत नाही. पुणे आणि सोलापूर वेगवेगळ्या महापालिकांच्या हद्दीत असली, तरी पाण्याच्या हिशेबात ती एकाच नळावरची दोन घरं आहेत. पुढचा आराखडा मंजूर करताना पुण्याच्या महासभेत सोलापूरचा अभियंता बसलेला असायला हवा, निमंत्रित म्हणून नव्हे, तर आपल्या उद्भवाचा दर्जा मागण्याचा हक्क असलेला ग्राहक म्हणून.